‘डब्ल्यू’ची किंमत

ऑक्टोबर संपत आला की आमच्या कॉलेजात ‘डब्ल्यू’चा मोसम सुरू होतो. मिडटर्मचे मार्क नुकतेच हातात पडलेले असतात आणि माझ्या खोलीबाहेरच्या खुर्च्या सकाळपासून भरलेल्या असतात. अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचं शिक्षण देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, मी अ‍ॅडव्हायझर आहे. कोणी कुठले विषय घ्यावेत, कुठल्या क्रमाने घ्यावेत, यावर मुलांशी बोलणं हे माझं काम. त्या दिवसांत बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : हा विषय सोडला तर चालेल ना?

विषय सोडला की निकालपत्रात त्याच्यापुढे ‘डब्ल्यू’ लागतो, विथड्रॉवलचा. त्याने जीपीए, म्हणजे चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी, घसरत नाही. नापासाचा ‘एफ’ पडण्यापेक्षा ‘डब्ल्यू’ बरा, असं प्राध्यापक सांगतात, मित्र सांगतात, आणि अभ्यासापुरतं बोलायचं तर ते खरंही आहे. पण सरकारी मदतीवर शिकणाऱ्या मुलाचं आणखी एक निकालपत्र असतं. ते फायनान्शियल एडच्या, म्हणजे आर्थिक मदतीच्या कार्यालयात असतं. तिथे ‘डब्ल्यू’ वेगळ्या तऱ्हेने मोजला जातो, आणि बऱ्याच मुलांना त्या निकालपत्राचा पत्ता लागतो तो त्यात नापास झाल्यावरच.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरातली कॉलेजात आलेली ती पहिली. रात्री वृद्धाश्रमात काम, दिवसा वर्ग. पहिल्या सेमिस्टरला तिने पंधरा क्रेडिट घेतले (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजायचं एकक). रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र एकाच वेळी झेपेनात, म्हणून ते दोन्ही सोडले आणि उरलेले नऊ क्रेडिट उत्तम पार पाडले. पुढच्या सेमिस्टरला ती शहाणपणाने बाराच घेऊन बसली. मार्चमध्ये आई आजारी पडली. प्रयोगशाळेचे तास आणि हॉस्पिटलच्या वेळा जुळेनात, तेव्हा चार क्रेडिटचं रसायनशास्त्र पुन्हा सुटलं. वर्षाअखेर तिचा जीपीए ३.४ होता. प्राध्यापकांनी कौतुक केलेली, एकाही विषयात नापास न झालेली ही मुलगी जूनमध्ये माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या हातात एड बंद झाल्याची ईमेल होती.

तिने सत्तावीस क्रेडिट ‘घेतले’ होते आणि सतरा ‘पूर्ण’ केले होते. म्हणजे ६३ टक्के. तिला हवे होते साधारण ६७.

हा ६७ आकडा कुठून आला ते समजून घ्यायला हवं, कारण एकदा ते समजलं की बाकीचे नियम आपोआप उलगडतात. केंद्र सरकारची मदत, म्हणजे गरजू मुलांना मिळणारं पेल ग्रँट हे अनुदान, कामाच्या बदल्यात मिळणारा वर्क-स्टडी आणि सरकारी कर्जं, ही ‘समाधानकारक प्रगती’ करणाऱ्यालाच मिळते. ही प्रगती तीन बाजूंनी तपासतात. पहिली, जीपीए : चार वर्षांच्या पदवीत दुसरं वर्ष संपेपर्यंत किमान ‘सी’, म्हणजे बहुतेक ठिकाणी २.०. दुसरी, एकूण मर्यादा : पदवीला जितके क्रेडिट लागतात त्याच्या दीडपटीहून जास्त क्रेडिट घेऊन चालत नाही. १२० क्रेडिटची पदवी असेल तर १८०. आणि तिसरी, वेग. १८० क्रेडिट घेऊन १२० पूर्ण करायचे तर घेतलेल्या प्रत्येक तीनांतले दोन पदरात पडलेच पाहिजेत. तोच हा ६७ टक्क्यांचा वेग. ‘डब्ल्यू’ जीपीएमध्ये कुठेच नसतो, पण वेगाच्या हिशेबात तो ‘घेतला पण पूर्ण केला नाही’ या खात्यात जातो, ‘एफ’च्या शेजारी.

हा नियम दुष्ट आहे असं मला वाटत नाही. पैसा लोकांचा आहे आणि तो शिक्षणाला लागतोय का हे बघायलाच हवं. वर्गात पाऊल न टाकता ग्रँट उचलणारेही असतात. मला खुपतं ते वेगळंच आहे. ज्या वयात मुलांनी करून बघावं, चुकावं, वाट बदलावी असं आपण सांगतो, त्याच वयात त्यांच्या प्रत्येक करून बघण्याची नोंद पैशाच्या वहीत होत असते, आणि ती फक्त गरजू मुलांच्या बाबतीत होते. फी घरून भरली जाते त्या मुलाचा ‘डब्ल्यू’ हे निव्वळ एक अक्षर. तेच अक्षर शेजारच्या बाकावरच्या मुलीचं शिक्षण थांबवू शकतं. दोघं एकाच दिवशी, त्याच पडद्यावरचं तेच बटण दाबतात.

या मदतीचा उगम शोधायला गेलं की हे जास्तच टोचतं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ही मदत सुरू करणाऱ्या उच्च शिक्षण कायद्यावर ८ नोव्हेंबर १९६५ रोजी सही केली, ती राजधानीत नाही. टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला, ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले होते तिथे जाऊन. त्या कॉलेजात शिकताना त्यांनी झाडलोटीचं काम केलं होतं. पैसे संपले तेव्हा शिक्षण मध्येच थांबवून ते कोटुला नावाच्या गावी गेले, तिथल्या मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना त्यांनी वर्षभर शिकवलं, आणि मग परत येऊन १९३० साली पदवी घेतली. ज्याची स्वतःची वाट अशी मोडत-जोडत गेली, त्याने हा दरवाजा उघडला. १९७२ मध्ये त्यात ज्या ग्रँटची भर पडली, तिला पुढे १९८० मध्ये रोड आयलंडचे सिनेटर क्लेबर्न पेल यांचं नाव मिळालं. २०२४-२५ साली ही ग्रँट वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. कर्ज नव्हे, परत करायची नाही. कम्युनिटी कॉलेजात एवढ्यात पुष्कळ ठिकाणी फी भागते आणि पुस्तकांनाही उरतं.

जॉन्सन यांच्या त्या एका वर्षात आजच्या मुलांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट दडलेली आहे. जमत नव्हतं तेव्हा ते थांबले, आणि मग परत आले. आजच्या नियमांतही नाव न घातलेल्या सेमिस्टरचा वेगाच्या हिशेबात शून्य भार असतो. नाव घालून मग सोडलं, तर सगळा भार. हे मुलांना उलटं वाटतं. त्यांच्या मते नाव घालून प्रयत्न करणं हे धडपडीचं लक्षण आणि थांबणं म्हणजे हार. घरी आजारपण आहे, नोकरीची पाळी बदलणार आहे, आणि तरीही एखादी म्हणते, “बघते जमतंय का.” तेव्हा मी आता स्पष्ट सांगते की हे ‘बघणं’ फुकट नाही. एक विषय घे, दोन घे, किंवा हे सेमिस्टर राहू दे. फक्त आधी कर्ज घेतलेलं असेल तर सहा क्रेडिटच्या खाली जाताना विचार कर, कारण तिथून सहा महिन्यांची सवलत सुरू होते आणि ती संपली की हप्ते मागे लागतात.

हे झालं एखादा विषय सोडण्याबद्दल. सगळेच सोडून गेलात तर दुसराच हिशेब लागू होतो, आणि त्यात तारीख महत्त्वाची. सेमिस्टरचे ६० टक्के दिवस होईपर्यंत मदत ‘कमवावी’ लागते. ३० टक्के दिवस भरून कोणी निघून गेला, तर त्याने ३० टक्केच मदत कमावली. पूर्ण पेल मिळणाऱ्याच्या एका सेमिस्टरच्या सुमारे ३,७०० डॉलरपैकी अकराशेच्या आसपास. उरलेल्यातला आपला वाटा कॉलेज सरकारला परत करतं, आणि मग जी फी भरलेली होती ती न भरलेली ठरते. तिचं बिल मुलाच्या नावे निघतं. ६० टक्क्यांच्या पलीकडे एक दिवस जरी टिकला असता तर पैसे पूर्ण त्याचे होते. ऑगस्टच्या शेवटी सुरू होणाऱ्या सेमिस्टरमध्ये ही रेषा नेमकी ऑक्टोबरच्या अखेरीस येते, म्हणजे बाहेरच्या खुर्च्या भरतात त्याच आठवड्यात. काही मुलं तर कोणालाही न सांगता यायचीच बंद होतात. सगळ्या विषयांत ‘एफ’ लागला की कॉलेजला शोधावं लागतं की हा परीक्षेत नापास झाला की मध्येच निघून गेला. निघून गेल्याचं ठरलं तर बहुधा निम्मं सेमिस्टर धरून हिशेब करतात. गुपचूप नाहीसं होणं हा सगळ्यांत महाग पर्याय आहे, आणि खचलेलं मूल नेमका तोच निवडतं. अशा वेळी त्याला बोलतं करणं हेच माझं खरं काम.

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलण्याबद्दल मात्र माझं मन अजून ठरत नाही.

अठराव्या वर्षी निवडलेली वाट विसाव्या वर्षी चुकीची वाटणं यात अस्वाभाविक काही नाही. नर्सिंगसाठी आलेली मुलं शरीरशास्त्राच्या पहिल्या वर्गानंतर गप्प होतात, संगणकासाठी आलेला मुलगा इतिहासात रमतो. हे बघायला मिळतं म्हणूनच मी या कामात आहे. पण वाट बदलली की आधीचे क्रेडिट नव्या पदवीत बसत नाहीत आणि १८० ची मर्यादा मात्र तिथेच राहते. काही कॉलेजं जुन्या मेजरचे विषय हिशेबातून वगळतात, काही वगळत नाहीत. शिवाय ज्या पदवीसाठी नाव घातलंय तिच्यात मोजल्या जाणाऱ्या विषयांनाच एड मिळते. चित्रकलेचा वर्ग आवडतो म्हणून घेतला आणि तो पदवीत कुठेच बसत नसेल, तर कागदावर बारा क्रेडिट असूनही एडच्या दृष्टीने मुलगा नऊवर आहे. २०२४-२५ पासून पेल ग्रँट क्रेडिटच्या प्रमाणात मोजली जाते : बाराला पूर्ण, नऊला ७५ टक्के, सातला ५८. वर आयुष्यभरात पेलची मर्यादा पूर्णवेळच्या बारा सेमिस्टरइतकीच. सुटलेल्या सेमिस्टरमध्ये जेवढी ग्रँट वापरली, तेवढी त्यातून वजा होते.

हे सगळं एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलापुढे मांडताना माझी जीभ अडखळते. त्याच्या डोळ्यांत नवी आवड चमकत असते आणि मी त्याला उरलेले क्रेडिट मोजायला लावते. पण न सांगणं हा त्याच्यावरचा मोठा अन्याय. म्हणून आम्ही आधी त्याच्या आवडीबद्दल बोलतो, सविस्तर बोलतो, आणि नंतर कागद घेतो. पुष्कळदा मधली वाट निघते. नवा विषय जुन्या पदवीत ऐच्छिक म्हणून बसतो, किंवा उन्हाळ्यात घेता येतो. २०१७ पासून उन्हाळ्यासाठीही जादा पेल मिळू लागली, हे कितीतरी मुलांना ठाऊकच नसतं.

नियम मुलांच्या निवडींवर कसे स्वार होतात याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण जॉर्जिया राज्यातलं आहे. तिथे गव्हर्नर झेल मिलर यांनी लॉटरीच्या उत्पन्नातून १९९३ मध्ये ‘होप’ शिष्यवृत्ती सुरू केली. कॉलेजात ती टिकवायला ३.० चा, म्हणजे सरासरी ‘बी’चा, जीपीए लागतो आणि तो ३०, ६०, ९० क्रेडिटच्या टप्प्यांवर तपासला जातो. हेतू उमदा होता. पण क्रिस्टोफर कॉर्नवेल, क्युंग ही ली आणि डेव्हिड मस्टर्ड या अर्थतज्ज्ञांनी जॉर्जिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की ‘होप’नंतर पूर्ण भार घेणारे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी घटले, विषय मध्येच सोडण्याचं प्रमाण वाढलं आणि उन्हाळ्यात विषय घेणारे वाढले. मुलं आळशी झाली असं मी याला म्हणणार नाही. त्यांनी आपल्यापुढचा नियम नीट वाचला होता. पुढे विज्ञान आणि गणिताच्या मेजरकडे मुलं कमी वळतात अशी चिंता सुरू झाली, कारण तिथे ‘बी’ मिळवणंच कठीण. शेवटी २०१६ मध्ये राज्याला कायदा करून अशा ठरावीक विषयांतल्या ‘बी’, ‘सी’, ‘डी’ ला ‘होप’च्या हिशेबात अर्धा गुण जादा द्यावा लागला.

हे वाचलं तेव्हा मला माझ्याच खोलीतली कितीतरी संभाषणं आठवली. “भौतिकशास्त्र घेतलं आणि ‘सी’ आला तर?” असं विचारणारा मुलगा भौतिकशास्त्राला घाबरत नसतो. तो शिष्यवृत्तीला घाबरतो. राज्यांच्या योजनांचे कलही एकसारखे नाहीत. जॉर्जियात गुण सांभाळायचे, तर न्यूयॉर्कच्या २०१७ सालच्या ‘एक्सेलसियर’ योजनेत वर्षाला ३० क्रेडिट पुरे करायचे. एका ठिकाणी कमी घेणारा सुरक्षित, दुसरीकडे कमी घेणाऱ्याचं नाव कटतं. एकाच मुलाकडे केंद्राची ग्रँट, राज्याची शिष्यवृत्ती आणि कॉलेजची स्वतःची मदत असली तर त्याला तीन वेगवेगळे हिशेब एकाच वेळी राखावे लागतात, आणि ‘डब्ल्यू’ची किंमत तिन्हींत वेगळी असते.

इथल्या मराठी घरांसाठी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आईवडिलांच्या एच-वन व्हिसामुळे एच-फोरवर असलेल्या मुलांना केंद्राची ही मदत मिळत नाही, मग ती बालवाडीपासून इथे शिकलेली का असेनात. ग्रीन कार्ड आलं की चित्र बदलतं, तेव्हा फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या मदतीसाठीचा अर्ज, भरायला विसरू नका. दुसरी गोष्ट हायस्कूलमध्ये असतानाच घेतलेल्या कॉलेजच्या विषयांची. आपल्याकडे याची फार हौस. नववी-दहावीतल्या मुलाने कॉलेजचं कॅलक्युलस घेतलं की घरभर कौतुक. पण हे विषय कॉलेजच्या कायमच्या निकालपत्रात जातात, आणि त्यातले ‘डब्ल्यू’ किंवा ‘डी’ पुढे प्रगतीच्या हिशेबात येऊ शकतात. पंधराव्या वर्षी आईच्या हौसेने घेतलेला विषय अठराव्या वर्षी एडच्या आड येताना मी पाहिला आहे.

आता त्या मुलीकडे येते. एड बंद झाली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. अपील करता येतं. अपीलची सोय ठेवायची की नाही हे कॉलेज ठरवतं, पण बहुतेक कॉलेजं ठेवतात. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचं आजारपण किंवा अपघात, किंवा आणखी काही विशेष परिस्थिती ही कारणं नियमातच आहेत. पत्रात दोन गोष्टी हव्यात : काय घडलं, आणि आता काय बदललंय. एवढंच. तरी मुलांची पहिली पत्रं जवळपास सगळी सारखी असतात. माफी, माफी आणि माफी. मी बेजबाबदार होते, मला लाज वाटते, यापुढे खूप मेहनत करीन. त्या मुलीनेही पानभर तेच लिहिलं होतं. आईच्या आजाराचा त्यात एक शब्द नव्हता. का नाही लिहिलंस, विचारलं तर म्हणाली, “आईला पुढे करून पैसे मागतेय असं वाटेल.”

त्या उत्तराने मी कितीतरी वेळ अस्वस्थ होते. ज्या मुलांना स्वाभिमान जास्त, त्यांची अपीलं कमकुवत होतात. वाचणाऱ्या समितीला मेहनतीच्या शपथांशी कर्तव्य नसतं. तिला हॉस्पिटलचा कागद हवा असतो, मावशी आता सोबतीला राहायला आली आहे हे वाक्य हवं असतं, रसायनशास्त्र सकाळच्या ऐवजी संध्याकाळच्या तुकडीत घेणार आहे हा बेत हवा असतो. आम्ही दोघींनी मिळून ते पत्र पुन्हा लिहिलं. भाषा तिचीच राहिली, माफी गेली, तारखा आल्या. समितीने तिला अटींवर मदत परत दिली : पुढच्या सेमिस्टरला नऊच क्रेडिट, एकही विषय सोडायचा नाही, आणि त्यानंतरच्या सेमिस्टरचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यायचा. तिने तो पाळला.

पण अशी किती मुलं माझ्यापर्यंत येतात? बटण दाबताना तिथे कोणीही नसतं. विषय सोडण्याचा पडदा विचारतो, “नक्की?” आणि मूल ‘हो’ म्हणतं. त्याच पडद्यावर तिथल्या तिथे तीन आकडे दाखवता येतील : हा विषय सोडल्यावर तुझा वेग किती होईल, ६० टक्क्यांची रेषा कोणत्या तारखेला आहे, आणि पेलची किती सेमिस्टर उरली आहेत. सगळी माहिती कॉलेजपाशी असते. फक्त ती दोन खात्यांत वाटलेली असते, अभ्यासाची इकडे आणि पैशाची तिकडे, आणि मधल्या मार्गिकेत मुलं हरवतात.

आम्ही सध्या एवढंच जमवलंय की ऑक्टोबरचे शेवटचे दोन आठवडे एडच्या कार्यालयातली एक सहकारी माझ्याच खोलीत टेबल टाकून बसते. मूल म्हणतं, विषय सोडायचाय. मी विचारते, का? आणि ती तोवर आकडेमोड करून ठेवते. काही मुलं तरीही सोडतात, आणि पुष्कळदा तोच निर्णय बरोबर असतो. काही जण शिकवणी लावून टिकून राहतात. पडद्यावर ते तीन आकडे यावेत यासाठी आमचा अर्ज गेला आहे. संगणक विभागाचं म्हणणं, पुढच्या वर्षी बघू. तोपर्यंत त्या टेबलाला आणखी एक खुर्ची हवी आहे, कारण रांग दुपारी चारच्या आत संपत नाही आणि एडचं कार्यालय पाचला बंद होतं.